जांघेतलं दुखणं आणि २०२१ची फाईल

जांघेत दुखतं असं चारचौघांत सांगायला माणूस बिचकतो. दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "शेठ, काय व्हयनं पायले?" तर आपण सांगतो, मांडी आखडली. डॉक्टर विचारतात नेमकं कुठे, तर हात आपसूक कमरेवर जातो. माझ्या बाबतीत भरीला गुडघाही दुखायचा, आणि तो खरोखरच दुखायचा. रात्री गुडघ्याखाली उशी घेतल्याशिवाय झोप लागत नसे. पुढे कळलं की गुडघ्यात काहीच नव्हतं. खुब्याच्या सांध्याकडे आणि गुडघ्याकडे जाणाऱ्या नसांपैकी काही एकच आहेत, त्यामुळे दुखतं खुब्यात आणि जाणवतं गुडघ्यात. हे आधी माहीत असतं तर गुडघ्याला लावलेल्या मलमांचे पैसे तरी वाचले असते.

मी जळगाव जिल्ह्यात, चोपड्याला कृषी केंद्र चालवतो. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं, आणि स्वतःची थोडी शेती. २०२१ साली वय बेचाळीस, वजन बेताचं, दारू-तंबाखू नाही. गोण्या उतरवायला हमाल असतो, पण घाईच्या दिवसांत मीही हात लावायचो. दिवाळीच्या सुमारास, हरभऱ्याच्या बियाण्याची गडबड चालू असताना, मोटरसायकलवर टांग टाकली की उजव्या जांघेत चमक निघू लागली. मग जिना चढताना. मग पायमोजा घालताना. पायमोजा घालायला पाय गुडघ्यात वाकवून आत वळवावा लागतो, आणि तेच मला जमेना. दोन पायांच्या चालण्यात फरक पडलाय हे माझ्या नाही, मायच्या लक्षात आलं. ओट्यावर बसून गहू निवडत होती, मी अंगणातून आलो तर म्हणाली, "लंगडी राह्यना रे तू."

मग आपल्याकडे जे होतं ते सगळं झालं. निरगुडीच्या पाल्याचा शेक झाला. नस बसवणारे एक बाबा आहेत, त्यांनी पाय ओढून बघितला. त्या ओढण्याने डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण ते म्हणाले नस बसली. त्यानंतर एका डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे काढून मणक्यात थोडी गॅप असल्याचं सांगितलं. चाळिशीनंतर कोणाच्या मणक्यात गॅप निघत नाही हा प्रश्नच आहे. कंबरपट्टा आला, गोळ्या आल्या, गोळ्यांनी दोन-चार दिवस बरं वाटायचं. दुसऱ्या एका ठिकाणी खुब्याचा एक्स-रे काढला. तो अगदी स्वच्छ. "खुबा एकदम छान आहे," असं ऐकून मी पेढे घेऊन घरी आलो.

एक्स-रे स्वच्छ येणं आणि खुबा चांगला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडून कळलं. ती नुकतीच शिकून आली होती, दवाखानाही छोटासाच. तिने मला उताणं झोपवलं, उजवा गुडघा वर घेतला आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेलं. म्हणजे मांडीचं हाड खुब्यात आत वळलं. मी ओरडलोच. डाव्या पायाला तसं केलं तर काही नाही. तिने पुन्हा एकदा करून पाहिलं आणि विचारलं, "काका, कोविडमध्ये ॲडमिट होतात का?" मी म्हटलं, होतो, पण त्याला आता बरेच महिने झाले. "स्टेरॉइड दिलं होतं?" मला कुठे माहीत. ती म्हणाली, "फाईल असेल ना घरी? ती घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि एमआरआयचं विचारा."

फाईल होती. आमच्याकडे लग्नाच्या आहेरांची वही आणि दवाखान्याच्या फाईली टाकून देत नाहीत.

कोविडचं फार सांगत नाही, एप्रिल २०२१ प्रत्येक घराने पाहिलाय. ताप आला, चौथ्या-पाचव्या दिवशी धाप लागू लागली, बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा ८६ दाखवला. जळगावला बेड मिळेपर्यंत मेहुण्याने किती फोन केले ते त्यालाच ठाऊक. सिटी स्कॅनचा स्कोर, म्हणजे फुप्फुसं किती धरली गेलीत त्याचा आकडा, पंचविसापैकी १६ आला. तेव्हा माणसं एकमेकांना प्रकृती विचारायची नाहीत, "स्कोर किती?" असं विचारायची. घरचे रेमडेसिविरच्या मागे धावत होते. मला नाकाला ऑक्सिजन, पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, आणि शिरेतून मेथिलप्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड. साखर कधीच नव्हती, ती तीनशेच्या वर गेली, म्हणून इन्शुलिन. शेजारच्या बेडवरचा माणूस पालथा झोपून मोबाईलवर गावाकडच्या केळीच्या कापणीचा हिशोब करत होता. तो वाचला नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास मी घरी आलो. येताना कमी कमी करत जायच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची पट्टी सोबत होती. पुढचे काही आठवडे म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, भीतीने आरशापुढे टॉर्च घेऊन टाळू तपासण्यात गेले. साखर हळूहळू उतरली, खोकला गेला, जूनमध्ये कापसाच्या बियाण्याच्या गर्दीत मी गल्ल्यावर उभा होतो. सगळ्यांनी म्हटलं, सुटलास. मीही तसंच धरून चाललो.

एमआरआयसाठी जळगावला गेलो तेव्हा विदगावचा पूल ओलांडेपर्यंत गाडीत तीनदा बूड सरकवून बसावं लागलं. केंद्रावर अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगितलं. कमरेचा चांदीचा करदोडा निघेना, तो कापावा लागला. मायला ते फार लागलं, एमआरआयच्या निकालापेक्षाही. आत नळीत पडून राहायचं, मशीनचा ठकठकाट ऐकायचा, हलायचं नाही. अर्ध्या तासाने बाहेर आलो.

रिपोर्टमध्ये एव्हीएन असं लिहिलेलं होतं. अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. रक्तपुरवठा तुटल्यामुळे हाडाचा भाग मरणं. उजवा खुबा दुसऱ्या स्टेजला, डावा पहिल्या. डावा! जो मला एक दिवसही दुखला नव्हता. हा रोग बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असतो आणि एक बाजू गप्प असते, म्हणून एमआरआय दोन्ही खुब्यांचा करतात.

हाडांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोल बॉल असतो, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. या बॉलला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक, हाडाच्या मानेवरून चढत जाणाऱ्या. स्टेरॉइडमुळे मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात, बारीक वाहिन्या दाबल्या जातात, चरबीचे कण अडकतात. हाड कडक, त्याला फुगायला जागा नाही, आतला दाब वाढतो आणि रक्त पोचेनासं होतं. त्यात कोविडमध्ये रक्त मुळातच गोठायला टपलेलं असतं, पोटात इंजेक्शनं द्यायचे ती त्यासाठीच. हाड मेलं म्हणून लगेच दुखत नाही. शरीर मेलेलं हाड काढून नवं बांधायला लागतं, काढायचं काम लवकर होतं, बांधायचं उशिरा. मधल्या काळात बॉल आतून पोकळ, आणि आपण तर त्यावर उभे राहतो, गोण्या उचलतो. म्हणून दुखणं महिन्यांनी येतं. एक्स-रेत हाडाचा आकार आणि घनता दिसते, आतलं रक्त नाही. पहिल्या स्टेजला एक्स-रे हमखास स्वच्छ येतो तो यामुळे.

त्यांनी मला कारणांचे प्रश्न विचारले ते ऐकण्यासारखे होते. दारू किती? कधी खुब्याला मार? दमा किंवा सांधेदुखीसाठी बिनलेबलच्या पुड्या खाल्ल्यात का? व्यायामशाळेतली इंजेक्शनं? आणि मग, सिकलची तपासणी केली आहे का? हे मला नवीन होतं. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात, चोपड्यापासून पार धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत, पावरा आणि भिल्ल समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि सिकलच्या रुग्णांत खुब्याचं हाड असंच मरतं. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. डॉक्टर म्हणाले, "कोविडनंतर शहरातल्यांना हा आजार माहीत झाला. इथली विशीतली पोरं काठी टेकत याआधीपासून येतायत." २०२३च्या जुलैमध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं तेव्हा मला ते वाक्य आठवलं. माझी तपासणी निगेटिव्ह आली.

दुसरं मत घ्यायला नाशिकला गेलो. तिथल्या सर्जननी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी डिस्चार्ज कार्ड मागितलं. एमआरआयच्या पाकिटाच्या पाठीवर पेनने हिशोब मांडला. मेथिलप्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे ८०. मेथिलचे ४ म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५, तेव्हा रोजचे १००. आठवड्याहून थोडं जास्त. वर घरी खाल्लेल्या गोळ्या. बेरीज बाराशेच्या पुढे गेली. ते म्हणाले, एव्हीएनसाठी साधारण २००० मिलिग्रॅमचा आकडा पुस्तकांत सांगतात, पण कोविडनंतर त्याहून कमी मात्रेत आणि लवकर होताना दिसतंय. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१मध्येच अशा तीन रुग्णांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. आणि २००३मध्ये सार्सची, म्हणजे कोविडच्याच जातीच्या विषाणूची, साथ आली तेव्हा चीनमध्ये, हाँगकाँगमध्ये भरमसाट स्टेरॉइडवर वाचलेल्या माणसांचे खुबे नंतर असेच गेले होते. म्हणजे हा धडा सतरा-अठरा वर्षं जुना होता.

मला सर्वांत जास्त विचारलं जातं ते हे, की त्या दवाखान्यावर राग येत नाही का. नाही येत. मी स्वतः औषधं विकतो, पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली हे दिवसभर सांगत असतो, मात्रा म्हणजे काय ते मला कळतं. जून २०२०मध्ये कोविडवरची औषधं तपासणाऱ्या ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचा स्टेरॉइडबद्दलचा निकाल आला होता. डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम रोज, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांमधले पाचव्या हिश्शाने. त्या साथीत इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा दुसरा उपाय निघाला नाही. डेक्साचे ते ६ म्हणजे प्रेडनिसोलोनचे ४०. मला रोज १०० मिळालं. जास्त होतं का? हिशोबाने अडीचपट होतं. पण त्या रात्री एका डॉक्टरच्या हाताखाली किती माणसं गुदमरत होती ते मी बेडवरून पाहिलंय, आणि माझा ऑक्सिजन उतरतच होता. मी जिवंत आहे, त्या जिवंतपणाची किंमत खुबा असेल तर सौदा वाईट नाही.

राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. त्याच चाचणीत असंही दिसलं होतं की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना स्टेरॉइडचा काही फायदा नाही. मे २०२१मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की सुरुवातीच्या दिवसांत स्टेरॉइड घेऊ नका, विनाकारण सिटी स्कॅन करत सुटू नका. आणि आमच्याकडे गावोगाव ताप आल्या दिवशी पुडी मिळत होती, त्यात एक बारीक पांढरी गोळी असायचीच. ऑक्सिजन ९७, माणूस ओट्यावर बसून चहा पितोय आणि स्टेरॉइड चालू. त्या पुडीवर नाव नाही, मात्रा नाही, फाईलचा तर प्रश्नच नाही. अशातल्या एखाद्याचा खुबा आज दुखत असेल तर तो काय दाखवणार डॉक्टरला?

असो. मार्च २०२२मध्ये दोन्ही खुब्यांचं कोअर डीकंप्रेशन झालं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात, मांडीच्या बाहेरच्या बाजूने लहान छेद घेऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत बघत हाडाच्या मानेतून बॉलपर्यंत ड्रिलने भोक पाडतात. आतला दाब सुटावा, नव्या वाहिन्यांना वाट मिळावी, हा हेतू. बॉल खचण्याआधी केलं तरच उपयोग. मला दुखत नव्हतं, पण ड्रिलचा आवाज स्वतःच्या हाडातून कानापर्यंत येतो, तो बोअरवेलवाल्या गावात राहणाऱ्याला ओळखीचा वाटावा असा. शेजारी उभ्या सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, डोळे मिटा आणि घरच्या गप्पा सांगा." मी त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ कसं दळतात ते सांगितलं. त्या नाशिकच्या होत्या, त्यांना ते माहीत नव्हतं.

एक पाय असता तर कुबड्यांवर भागलं असतं. दोन्ही पायांचं झाल्यामुळे सहा आठवडे वॉकर, तोही कोणीतरी सोबत असताना, अंगाचा भार हातांवर. खान्देशातला एप्रिल, पारा ४४च्या वर, आणि मी कॉटवर. दुकान मेहुण्याने आणि पोराने सांभाळलं. आठवड्यातून एकदा अलेंड्रोनेटची गोळी, हाडाची झीज मंदावायची. सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी, मोठ्या ग्लासभर साध्या पाण्यासोबत, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. सुरू करण्याआधी दात तपासून घ्यायला लावले. या गोळीचा एव्हीएनमध्ये कितपत उपयोग होतो यावर डॉक्टरांचं एकमत नाही, नाशिकच्या सर्जननी ते मोकळेपणाने सांगितलं. मी घेतली.

डाव्याने साथ दिली. उजव्याने नाही दिली.

२०२२च्या पावसाळ्यानंतर उजवीकडे पुन्हा ठणका सुरू झाला, या वेळी बसल्या जागी, झोपेतही. एक्स-रे काढला तर आता एक्स-रेतच दिसलं. बॉलच्या वरच्या कडेखाली चंद्रकोरीसारखी काळी रेघ. तव्यावर भाकरीचा पापुद्रा सुटतो तसं वरचं कवच खालच्या हाडापासून सुटलं होतं. एकदा हे झालं की बॉल चपटा होत जातो, मग वाटीही घासली जाते. सर्जन म्हणाले, "आता वाचवायचं काही राहिलं नाही, बदलायचं."

चव्वेचाळिसाव्या वर्षी खुबा बदलायचा म्हटल्यावर घरात आठवडाभर शोककळा. बायकोचं म्हणणं, आणखी एकाला दाखवू. आप्पांचं म्हणणं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. म्हाताऱ्यांचं ऑपरेशन म्हणून त्याची ख्याती, आणि तरुणाला करताना खरी अडचण अशी की कृत्रिम सांधा जन्मभर पुरेलच असं नाही. पंधरा-वीस वर्षं बहुतेकांचा चांगला टिकतो, पुढे झिजला तर पुन्हा बदलावा लागतो, आणि दुसऱ्यांदा बदलणं पहिल्याइतकं सोपं नसतं. म्हणून मला सिमेंट न वापरता बसवायचा सांधा सुचवला. टायटॅनियमचा दांडा आणि वाटी, त्यांच्या खरखरीत पृष्ठभागात हाड स्वतः वाढून पकड घेतं. बॉल सिरॅमिकचा, वाटीत विशेष प्लास्टिकचं अस्तर. खर्च सव्वादोन लाखांच्या आसपास. काही मेडिक्लेममधून, बाकी कापूस विकून.

ऑपरेशन फेब्रुवारी २०२३मध्ये झालं. काढलेला बॉल सर्जननी पोराला दाखवला, त्याने मोबाईलवर फोटो काढला. वरचा गुळगुळीत कूर्चेचा थर सुरकुतलेला, बोटाने दाबला तर आत दबणारा, कापल्यावर आतला भाग पिवळट, कोरडा. आजूबाजूचं जिवंत हाड लालसर. तो फोटो मी कोणाला दाखवत नाही, पण पुसलेलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उभं केलं. लोकांना हे खरं वाटत नाही. वॉकर धरून चार पावलं टाकली आणि जाणवलं की ते आतलं, हाडातलं, वर्षभराचं दुखणं नाहीये. टाक्यांचं दुखत होतं, मांडी सुजली होती, पण ते दुखणं वेगळं, रोज कमी होणारं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पायांत घट्ट मोजे आणि गोळी. पावलं वरखाली करायचा व्यायाम, मग पाय बाजूला उचलायचा. हा दुसरा व्यायाम कंटाळवाणा असतो आणि लोक सोडून देतात. कुल्ल्याचा स्नायू त्यानेच सुधारतो. तो सुधारला नाही तर सांधा नवा असूनही माणूस एका बाजूला झुकत चालतो.

खरी कसरत घरी आल्यावर. मागच्या बाजूने ऑपरेशन केलं असेल तर सुरुवातीचे दीड-दोन महिने तीन गोष्टी टाळायच्या, नाहीतर सांधा निखळू शकतो. मांडी पोटाकडे काटकोनाच्या वर न्यायची नाही, पाय पायावर टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. कागदावर हे सोपं वाटतं. पण आपलं सगळं जगणं जमिनीवर. जेवण पाटावर, पूजा पाटावर, संडास उकिडवा, गप्पा ओट्यावर. मेडिकलमधून कमोडची खुर्ची आणली, पलंगाखाली विटा लावून तो उंच केला, झोपताना दोन्ही पायांत उशी. दुकानातली गादी गेली, तिथे उंच स्टूल आलं. मोटरसायकल विकून स्कूटर घेतली, टांग टाकायला नको म्हणून. जमिनीवर बसणं आता जपून जमेल, पण मांडी घालणं आणि उकिडवं बसणं कायमचंच टाळा, असं सर्जननी सांगितलं. ते मी पाळतो.

यातलं पंगतीचं काही वाटत नाही, लग्नात आता सगळीकडे टेबलं असतात. श्रावणात कानबाईला बायका रोट करतात तेव्हा मी बाजूला खुर्चीवर, त्याचीही सवय झाली. अवघड जातं ते कोणाच्या मयतीनंतर दारावर जाणं. सतरंजीवर सत्तरीचे आजोबा मांडी घालून बसलेले, आणि कोणीतरी पोरगं धावत माझ्यासाठी लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन येतं. त्या सगळ्यांच्या डोक्यावर उंच बसून "फार वाईट झालं" म्हणायचं. पहिल्यांदा मी अर्धा तास उभाच राहिलो. आता सरळ भिंतीकडेला खुर्ची घेतो आणि कोणी विचारलं तर खुब्याचं सांगून टाकतो, जांघ हा शब्द न गाळता.

डावा खुबा अजून माझाच आहे. दर वर्षी तपासणी होते. मेलेला भाग आहे तेवढाच आहे, खचलेला नाही, सर्जन म्हणतात इतक्या वर्षांत खचला नाही म्हणजे आशा चांगली. गोणी उचलायला मनाई आहे, आणि साखर वाढायची खोड मात्र कोविडने ठेवून दिली ती दिली, तिची गोळी चालू आहे.

दुकानात येणाऱ्यांना मी सांगत असतो, कोविडमध्ये ॲडमिट होता आणि आता जांघ दुखते, तर जुनी फाईल घेऊन जा, मोघम कंबर दुखते म्हणू नका. काहींना उपयोग झाला. एकाचं पहिल्या स्टेजलाच सापडलं. गेल्या वर्षी धरणगावकडचा एक जुना गिऱ्हाईक आला, त्याची सगळी लक्षणं तीच, स्टेरॉइडही घेतलेलं. मीच त्याला एमआरआयला पिटाळलं. त्याचे दोन्ही खुबे ठणठणीत निघाले. मग कमरेचा केला, तर त्याच्या मणक्यात खरोखरची गॅप निघाली. आता तो कंबरपट्टा लावून येतो, खताचा भाव विचारतो आणि दर खेपेला सांगतो, "खुब्याना एमआरआयना पैसा उधारीमाईन वजा करा, शेठ."